एमडीए मोजण्याआधी मशेरीचं विचारा

एचपीव्हीचा (गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवू शकणाऱ्या विषाणूचा) संसर्ग झालेल्या स्त्रियांमधला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे पेशींवर येणारा ऑक्सिडेशनचा ताण, हा विषय बायोकेमिस्ट्रीचे नवे विद्यार्थी आवडीने घेतात, कारण हा ताण जोखण्यासाठी एमडीए (पेशींतल्या चरबीच्या ऑक्सिडेशनमधून बनणारा पदार्थ) मोजायची टीबार्स पद्धत स्वस्त आहे. नमुना थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर तापवायचा आणि येणारा गुलाबी रंग ५३२ नॅनोमीटरला मोजायचा. हे लवकर हाताला बसतं. माझा जास्त वेळ ओपीडीतल्या बाकावर गेला, आणि अभ्यास तिथेच घडतो किंवा बिघडतो असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे बाईंना 'तंबाखू खाता का?' विचारलं की उत्तर येतं, नाही. 'मशेरी लावता का?' म्हटलं की, 'लावते की, सकाळ-संध्याकाळ.' मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि तंबाखूनेही एमडीए वाढू शकतो. हे नोंदवलंच नसेल, तर वाढ विषाणूमुळे की तंबाखूमुळे हे नंतर कुठलीही आकडेमोड सांगणार नाही. चुलीचा धूर, रक्तक्षय, लोहाच्या गोळ्या, ट्रायकोमोनासचा (योनीमार्गातल्या एका परजीवीचा) संसर्ग हेही प्रश्नावलीत हवंच.

रक्त घेताना घाई नको. तांबड्या पेशी फुटल्या की हिमोग्लोबिनचा रंग मोजणीत मिसळतो आणि त्यातलं लोह नळीतच नवं ऑक्सिडेशन घडवतं. लालसर दिसणारा नमुना टाकून द्या, कितीही जिवावर आलं तरी. रक्त गोठतानाही प्लेटलेट्समधून एमडीए तयार होतो, म्हणून मी सीरमऐवजी (गोठलेल्या रक्तातून सुटणाऱ्या द्रवाऐवजी) ईडीटीएचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या नळीतला, प्लाझ्मा घ्यायला सांगते. नळी बर्फात ठेवा, लगेच सेंट्रिफ्यूज करा, बीएचटी (पुढचं ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) घाला आणि उणे ८० अंशांत ठेवा.

आणखी एक अडचण सुरुवातीलाच गाइडशी बोलून घ्या. एचपीव्ही गर्भाशयमुखाच्या आवरणातच राहतो, रक्तातून पसरत नाही. रक्तातला एमडीए सगळ्या शरीराचा असतो. शक्य असेल तर ब्रशने घेतलेल्या पेशींतही मोजा आणि आकडा प्रथिनांच्या प्रमाणात मांडा. टीबार्समध्ये साखर आणि बिलिरुबिनही रंग देऊ शकतात; एचपीएलसीची (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राची) सोय असेल तर सोडू नका.

निष्कर्ष लिहिताना हात आखडता ठेवा. बहुतेक संसर्ग दोनेक वर्षांत आपोआप जातात. एकदाच घेतलेल्या नमुन्यावरून स्ट्रेसमुळे संसर्ग टिकला की संसर्गामुळे स्ट्रेस वाढला, हे ठरत नाही.

उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू घटलेले दिसले, कारण पॉझिटिव्ह आलेल्या बायकांची पुढची तपासणी आणि उपचार झाले. तुमच्या यादीतल्या बाईंनाही ते मिळायला हवं. त्या विचारतील, 'हे कुणाकडून आलं?' संसर्ग कित्येक वर्षांपूर्वीचाही असू शकतो, त्यावरून कुणाच्या वागण्याबद्दल काही ठरत नाही, हे शांतपणे सांगा, आणि नवरा किंवा सासू खोलीबाहेर असताना सांगा. कोल्पोस्कोपीसाठी (गर्भाशयमुख भिंगातून तपासण्यासाठी) त्यांना कोण बोलावणार, हे स्त्रीरोग विभागाशी पहिला नमुना घेण्याआधीच ठरवून घ्या.