ऐतिहासिक कॅथेड्रल पाहायला जाताय? या चुका टाळा

"दोन-तीन कॅथेड्रल पाहिली, की मग सगळी सारखीच वाटतात." सहलीवरून परतलेली माणसं हे वाक्य हमखास बोलतात आणि मला ते ऐकून मनापासून वाईट वाटतं. इमारतीत काही कमी नसतं, जाण्याची वेळ चुकलेली असते. कॅथेड्रलला दोन घड्याळं असतात, एक प्रार्थनेचं आणि एक उन्हाचं. ती न बघता गेलं, की बाकीच्या बऱ्याचशा चुका त्यातूनच होतात.

प्रार्थनेच्या वेळा न बघणं

बिशपची, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या प्रमुख धर्मगुरूची खुर्ची, लॅटिनमधलं 'कॅथेड्रा', ज्या चर्चमध्ये असते ते कॅथेड्रल. तिथे आजही रोज उपासना चालते. लंडनचं सेंट पॉल्स रविवारी प्रार्थनेसाठी खुलं असतं, पर्यटकांना फिरून बघण्यासाठी नाही. तेव्हा तिकिटाच्या वेळा बघाल तशा त्या दिवसाच्या उपासनेच्या वेळाही बघून ठेवा.

पोहोचलात आणि आत मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, सुरू असेल, तर लगेच माघारी फिरू नका. फोन खिशात ठेवा, मागच्या बाकावर बसा. बाकीचे उठले की उठा, बसले की बसा, एवढं पुरतं. फक्त ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सामध्ये वाटली जाणारी पवित्र भाकर, घ्यायला रांगेत जाऊ नका, तो त्या श्रद्धेच्या लोकांसाठी असतो. इंग्लंडमध्ये असाल तर संध्याकाळचं 'इव्हनसाँग' चुकवू नका. साधारण पाऊण तासाची ही गायलेली प्रार्थना असते आणि तिला तिकीट नसतं. गायकवृंद थांबला, तरी शेवटचा सूर वर छताच्या कमानींत रेंगाळत राहतो. ती इमारत एवढी उंच का बांधली, हे त्या दोन-चार क्षणांत कानांना कळतं.

भलत्याच इमारतीला कॅथेड्रल समजणं

बार्सिलोनाचं कॅथेड्रल म्हणजे सग्राडा फॅमिलिया नव्हे. ती बॅसिलिका, म्हणजे पोपनी खास मान दिलेलं चर्च आहे, 1882 मध्ये काम सुरू झालेलं. कॅथेड्रल जुन्या गॉथिक वस्तीत आहे. रोमचं कॅथेड्रलही सेंट पीटर्स नाही, सेंट जॉन लॅटरन आहे. टॅक्सीवाल्याला नुसतं 'कॅथेड्रल' न म्हणता पूर्ण नाव सांगा.

आत शिरल्या शिरल्या फोटो काढत सुटणं

माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं. बाहेरच्या लख्ख उन्हातून आल्यावर आत नुसता काळोख वाटतो. डोळ्यांना त्याची सवय व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि नेमक्या तेवढ्या वेळात बरेच जण चक्कर मारून बाहेरही पडलेले असतात. आधी बसा. हळूहळू खांब उजळतात, मग जमिनीवर पडलेले काचांचे रंग दिसू लागतात.

मध्ययुगातल्या बहुतेक कॅथेड्रलची वेदी पूर्वेला आणि मुख्य दार पश्चिमेला असतं. त्यामुळे सकाळचं ऊन वेदीमागच्या खिडक्यांतून येतं आणि दाराच्या वरची मोठी गोल खिडकी दुपार कलली की पेटते. उत्तरेकडच्या खिडक्यांवर थेट ऊन फारसं येत नाही, म्हणून त्यांचे निळे रंग दिवसभर शांत असतात. आभाळ भरून आलं म्हणून बेत रद्द करू नका. ढगाळ उजेडात रंगीत काच सगळीकडून सारखी दिसते.

फोटोत खिडकीचा पांढरा ठिपका येतोय? फ्लॅश बंद करा, स्क्रीनवर काचेच्या सर्वांत उजळ भागाला बोट लावा आणि उजेड कमी करा. भिंत काळी पडेल, पडू द्या. एकाच फोटोत दोन्ही नीट येणं अवघड असतं.

खिडकीतली गोष्ट बहुधा खालून वर वाचायची असते. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलला 'दयाळू शोमरोनी'ची, म्हणजे जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या परक्याच्या बायबलमधल्या गोष्टीची खिडकी आहे. तिच्या अगदी तळाशी, आपल्या नजरेच्या सगळ्यांत जवळ, जोडे शिवणारे कारागीर कामात गुंतलेले दिसतात. तेराव्या शतकातली ती माणसं आणि त्यांची हत्यारं बघून झाली, की मग गोष्ट वर चढत जाते. मान वर करून थेट टोकाकडे बघणाऱ्याच्या हातून ते कारागीर निसटतात. वरच्या चौकटींसाठी छोटी दुर्बीण जवळ ठेवा, कॅमेऱ्यापेक्षा ती जास्त कामाला येते.

शार्त्रच्याच फरशीत सुमारे 13 मीटर रुंदीचा चक्रव्यूह दगडांनी आखलेला आहे. एकच वळणावळणाची वाट, सुमारे 260 मीटर लांब. पण एरवी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात, वर्षातले काही महिने शुक्रवारी तेवढ्या त्या हटवतात. लांबून येऊन खुर्च्या बघून परतणारे कमी नाहीत.

मनोरा चढायला घेतला आणि मध्येच दम संपला

जर्मनीतल्या कोलोनच्या मनोऱ्याला 533 पायऱ्या, इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या घुमटाला 463. लिफ्ट नाही. जिने अरुंद असतात आणि मागून रांग येत असते, त्यामुळे अर्ध्यातून परतणं सोपं नसतं. गुडघे दुखत असतील किंवा बंद जागेत घुसमट होत असेल, तर खालीच ठरवा. स्पेनमधल्या सेव्हिलच्या ला हिराल्डा मनोऱ्याची गोष्ट वेगळी: तिथे जवळजवळ वरपर्यंत पायऱ्यांऐवजी उतरणीच्या वाटा आहेत, घोड्यावरून जाता यावं म्हणून बांधलेल्या, असं सांगतात.

फ्लॉरेन्समध्ये अजून एक घोळ होतो. कॅथेड्रलमध्ये प्रवेश मोफत आहे, पण घुमटासाठी वेगळं तिकीट आणि ठरलेली वेळ आधीच घ्यावी लागते, शिवाय घुमटाचं दारही वेगळं, उत्तरेच्या बाजूला. मोफतच्या रांगेत तासभर उभं राहून हे कळलं, तर हातची वेळ निघून गेलेली असते.

कपड्यांचं थोडक्यात: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांनी टोपी काढायची. मिलानसारख्या ठिकाणी दारातूनच परत पाठवतात. पिशवीत एक मोठी ओढणी असली की काम भागतं. मोठी सॅक मात्र मुक्कामीच ठेवा.

आणि निघायची घाई झालीच, तरी गायकवृंदाच्या जुन्या लाकडी आसनांपाशी थांबा. आसन वर उचलून ठेवलेलं असेल, तर त्याच्या खालच्या बाजूला हाताएवढी एक फळी दिसेल. तासन्‌तास उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांना अलगद टेकता यावं म्हणून ती लावलेली असते. तिच्या खाली सुतारांनी मनाला येईल ते कोरून ठेवलंय, प्राणी, भांडणारं जोडपं, पानंफुलं. हात लावू नका, नुसतं वाकून बघा.