डेटाबेसमधल्या लेखाची लिंक मॅडमकडे उघडेना, मग काय केलं
डिझर्टेशनच्या संदर्भसूचीत मी सरळ वरच्या अ‍ॅड्रेस बारमधली लिंक कॉपी करून टाकत होते आणि गाईड मॅडमकडे एकही उघडेना, नुसतं लॉगिन पेज! ती लिंक कॉलेजच्या लॉगिनमधून आलेली, सेशन संपलं की मेली. मग बसले एकेक लेख उघडत, १० ने सुरू होणारा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, शोधला, नाही दिसला तर क्रॉसरेफ या डीओआय शोधायच्या साइटवर लेखाचं नाव टाकून बघितलं. दोन जुन्या लेखांना डीओआयच नव्हता, तिथे जेस्टोर या डेटाबेसची स्टेबल, म्हणजे न बदलणारी लिंक दिली. एपीए आणि एमएलए या संदर्भ लिहायच्या दोन पद्धती, एपीएच्या ७व्या आवृत्तीत डेटाबेसचं नाव बहुतेकदा लागत नाही, एमएलएत लागतं, मी दोन्हीची खिचडी केलेली. आणि ते आयतं सायटेशन देणारं बटण, त्याने तर अख्खं शीर्षक कॅपिटलमध्ये दिलं, तेही हातानेच सुधारलं.