रोटाव्हेटर घालण्याआधी मल्चिंग पेपर कसा काढावा

टोमॅटोचा शेवटचा तोडा झाला की बांबू-तारा उतरवायची घाई असते, तण रोखायला आणि ओल टिकवायला बेडवर (उंच वाफ्यावर) अंथरलेल्या मल्चिंग पेपरकडे कुणी बघत नाही. रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार, जोडून ट्रॅक्टरवाला म्हणतो, "मारू का एक पाळी?" आणि त्या एका पाळीत सलग पट्ट्याच्या चिंध्या होतात. पेपर पॉलिथिनचा असतो. तो कुजत नाही, नुसता बारीक होत जातो. पाच मिलिमीटरच्या आत गेला की तो मायक्रोप्लास्टिक, मग वेचायची बातच सोडा.

खरं काम लागवडीलाच सुरू होतं. चार-पाच महिन्यांच्या पिकाला 25 ते 30 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा पेपर घ्या. पातळ पेपर घेताना स्वस्त पडतो, पण काढताना हातात तुकडेच येतात. रोपांसाठी भोकं पाडली की कापलेल्या काळ्या टिकल्या लगेच पिशवीत गोळा करा. दर पाच फुटांवर एक बेड आणि दीड फुटावर रोप धरलं, तर एकरी साडेपाच हजारांवर टिकल्या होतात. वारा सुटला की त्या सरीत, तिथून ओढ्यात.

पीक संपल्यावर पेपर महिनोन्‌महिने उन्हात ठेवू नका, कडक होऊन फाटतो. झाडं उपटू नका, मुळासोबत पेपर फाटतो. विळ्याने बुंध्याशी कापा. जमीन वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी, असताना कुदळीने दोन्ही कडांची माती मोकळी करा. चिखलात पेपर जड होतो आणि वाळलेल्या ढेकळात अडकून तुटतो. मग एकाने बेडच्या टोकाकडून पेपर सावकाश उचलायचा, दुसऱ्याने बांबूवर गुंडाळत जायचं. ड्रिपच्या नळ्या त्यानंतर.

आता सगळ्यात कंटाळवाणं काम. गाडलेल्या कडा आणि भोकांभोवतीचे फाटके तुकडे हाताने वेचा. सुतळीही उचला, बरीचशी प्लास्टिकचीच असते.

चार फूट रुंद, 400 मीटर लांबीचा 25 मायक्रॉन रोल अकरा किलोच्या आसपास भरतो. एकरी सहा-सात रोल म्हणजे सत्तर-पंच्याहत्तर किलो. निघालेला पेपर झटकून, वाळवून तोला. आकडा बराच कमी भरला, तर बाकीचा शेतातच आहे. जास्त भरला तर खूश होऊ नका, ती माती आहे. मातीने माखलेला पेपर भंगारवालाही सहसा घेत नाही.

बांधावर पेटवू नका, ओढ्यात तर नकोच. पोत्यात भरून, दाबून गोठ्याच्या आडोशाला ठेवा. शेजारच्या चार जणांचा एकत्र झाला की टेम्पोभर माल होतो, आणि मग रिसायकलवाल्याशी भावाचं बोलता येतं.

एवढं झालं की ट्रॅक्टरवाल्याला फोन करा. पाळीनंतरही काही तुकडे वर येतीलच. खुरपणीला जाताना कमरेला एक रिकामी पिशवी असू द्या.