तळणीच्या गाळ्यात एक्झॉस्ट हूड बसवताना

वडे, भजी, मिसळ किंवा पोळीभाजी विकणाऱ्या छोट्या गाळ्यात हूड, म्हणजे भट्टीवरचा धूर गोळा करणारे पत्र्याचे छत्र, बसवायचे ठरले की बहुतेक जण आधी फॅब्रिकेटरकडे जाऊन हूडचा भाव विचारतात. सुरुवात खरे तर दुसऱ्या टोकाने करावी. धूर शेवटी कुठे सोडायचा हे आधी ठरवावे, कारण डक्टची (धूर बाहेर नेणाऱ्या पत्र्याच्या नळाची) लांबी, त्यातली वळणे आणि हवा ओढणाऱ्या ब्लोअरची ताकद या तिन्ही गोष्टी त्यावरच अवलंबून असतात. गाळा राहत्या इमारतीच्या तळमजल्यावर असेल, तर डक्ट गच्चीच्या वर नेण्यासाठी सोसायटीची लेखी परवानगी हातात येईपर्यंत पत्रा कापू नये. पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली मिरचीच्या फोडणीचा खाट सोडला, तर ते भांडण पुढे कोणताही ब्लोअर मिटवू शकत नाही.

हूडचे माप भट्टीवरून काढावे. भट्टीच्या प्रत्येक उघड्या बाजूला हूड ६ इंच बाहेर यायला हवा. म्हणजे भिंतीला लागून असलेल्या ५ फूट लांब आणि अडीच फूट रुंद भट्टीसाठी ६ बाय ३ फुटांचा हूड लागतो. खालची कड जमिनीपासून साधारण साडेसहा फुटांवर ठेवावी. त्याहून वर गेल्यास धूर वाटेतच पसरतो आणि खाली आल्यास उंच आचाऱ्याचे कपाळ दररोज आपटते.

या हूडचे क्षेत्रफळ १८ चौरस फूट झाले. मिनिटाला १०० फूट या वेगाने हवा ओढायची म्हटले, तर मिनिटाला १८०० घनफूट, म्हणजे १८०० सीएफएम हवा लागते; सतत तळण चालत असेल तर २००० धरावी. डक्टमध्ये हवेचा वेग मिनिटाला १५०० फुटांच्या आसपास ठेवायचा असल्यास १६ बाय १२ इंचांचा डक्ट बरोबर बसतो. पत्रा वाचवण्यासाठी डक्ट लहान केला, की आवाज वाढतो आणि ओढ कमी होते. भिंतीत बसवायचा पात्यांचा साधा पंखा इथे उपयोगाचा नाही, कारण फिल्टर आणि वळणांचा अडथळा तो पेलू शकत नाही; सेंट्रिफ्यूगल ब्लोअरच (गोल पेटीत फिरणाऱ्या चाकाने हवा ढकलणारा) घ्यावा आणि त्याची मोटर तेलकट हवेच्या वाटेबाहेर असल्याची खात्री करावी. ब्लोअर डक्टच्या बाहेरच्या टोकाला बसवावा. तसे केल्याने आतल्या डक्टमध्ये कायम ओढ राहते आणि एखादा जोड सैल झाला तरी धूर गाळ्यात येत नाही, उलट गाळ्यातली हवाच आत खेचली जाते.

फिल्टर जाळीचे नकोत, स्टीलचे बॅफल, म्हणजे हवेला वळण देऊन तेल अडवणाऱ्या पट्ट्यांचे, घ्यावेत. ते किमान ४५ अंशांत तिरके आणि खाचा उभ्या येतील असे बसवावेत. खाचा आडव्या आल्या की तेल फिल्टरखालच्या पन्हळीत उतरण्याऐवजी तिथेच साचते, आणि साचलेले तेल म्हणजे आगीला आमंत्रण. डक्टचा उतार हूडकडे द्यावा, प्रत्येक वळणापाशी सफाईची झडप ठेवावी आणि प्लायवूडसारख्या जळाऊ वस्तूपासून डक्ट दीड फूट दूर ठेवावा. एवढा हूड फिल्टरसह ४० किलोंच्या पुढे जातो, त्यामुळे तो फॉल्स सीलिंगला न टांगता स्लॅबमध्ये अँकर फास्टनर मारून आटे असलेल्या सळ्यांवर लेव्हलमध्ये टांगावा.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते आत येणाऱ्या हवेकडे. जितकी हवा बाहेर जाते तितकी आत यायलाच हवी; २००० सीएफएमसाठी सुमारे ४ चौरस फुटांची मोकळी वाट ठेवावी, पण तिचा झोत थेट बर्नरवर येऊ देऊ नये. ब्लोअर चालू असताना दार उघडायला जोर लागत असेल, तर हवा कमी पडते आहे असे समजावे. गॅसगळतीसाठी मात्र हूडवर विसंबू नये: एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो, म्हणून खाली वेगळी जाळीदार खिडकी लागते. गॅसचा वास आला असता ब्लोअरचे बटण दाबणे तर धोक्याचेच, कारण ठिणगी तिथेच पडू शकते.

बसवून झाल्यावर फिल्टरपाशी वर्तमानपत्राचा कागद धरावा. तो चिकटून राहायला हवा. माझ्या गाळ्यात तो चिकटत नव्हता आणि आठ दिवस आम्ही डक्टलाच दोष देत होतो. थ्री फेजच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्यामुळे ब्लोअर उलटा फिरत होता. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरला तरी थोडी हवा ओढतोच, म्हणून चूक चटकन ध्यानात येत नाही. मोटरवरचा बाण आणि फिरण्याची दिशा एकच आहे ना, हे वायरमन निघून जाण्यापूर्वी त्याच्यासमोर पाहून घ्यावे.

तळणीच्या गाळ्यात फिल्टर रोज रात्री उतरवून गरम पाण्यात धुण्याच्या सोड्याबरोबर भिजत घालावेत. शेवटचा घाणा काढल्यावर ब्लोअर आणखी दहा मिनिटे चालू ठेवावा आणि पन्हळीखालची तेलाची वाटी त्याच वेळी रिकामी करावी, कारण सकाळपर्यंत ते तेल घट्ट होऊन बसते.