सायफाय एपिसोडमधलं राजकारण कसं पकडायचं

एपिसोड लावायच्या आधी तो टीव्हीवर पहिल्यांदा कधी लागला ती तारीख शोधा. कथेत तेविसावं शतक असू दे नाहीतर परग्रह, लिहिणारा माणूस त्या तारखेच्या आसपासचा पेपर वाचत होता, एवढं डोक्यात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

सुरुवात द ट्वायलाइट झोन या जुन्या अमेरिकन मालिकेपासून करा, 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट', मार्च 1960. साधी गल्ली, अचानक लाइट जाते, गाड्या बंद पडतात, एक पोरगा म्हणतो की परग्रहवाले आधी आपल्यासारखीच दिसणारी माणसं पाठवतात, झालं, मग कोणाची गाडी आपोआप चालू झाली, कोण रात्री उठून आकाशाकडे बघत बसतो, सगळे एकमेकांवर संशय घ्यायला लागतात आणि पलीकडची गल्ली बघून परत येणाऱ्या शेजाऱ्यालाच अंधारात गोळी घालतात. आता तारीख लावून बघा. कम्युनिस्ट शोधायच्या नावाखाली अमेरिकेत लोकांच्या नोकऱ्या गेल्या, तो सिनेटर मॅकार्थीचा काळ काहीच वर्षांपूर्वीचा. आणि लेखक रॉड सर्लिंग. त्याने एमेट टिल या 14 वर्षांच्या काळ्या मुलाच्या 1955 मधल्या खुनावरून टीव्हीसाठी नाटक लिहिलं होतं, पण स्पॉन्सर घाबरले आणि त्यात इतके बदल करायला लावले की मूळ गोष्टच ओळखू येईना. परग्रहवाले कुठून आले ते कळलं ना?

दुसरं, एपिसोड काय सांगतो हे कळलं की लगेच थांबू नका, तो कोणाला सोडून देतो ते बघा. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. स्टार ट्रेक या अंतराळयानाच्या मालिकेचा 'लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड' घ्या, जानेवारी 1969, मार्टिन ल्यूथर किंगच्या खुनाला वर्षही झालं नव्हतं. बील आणि लोकाय हे एकाच ग्रहावरचे दोघं, दोघांचे चेहरे अर्धे काळे अर्धे पांढरे, फक्त बाजू उलटी, आणि यानाचा कप्तान किर्क, त्याला तर तो फरक सांगेपर्यंत दिसतही नाही. शेवटी त्यांचा ग्रह मरून पडलेला असतो तरी ते भांडतातच. द्वेष वाईट, पटतं. पण लोकायचे लोक गुलाम होते, बीलचे मालक होते, आणि एपिसोड दोघांना एकाच तराजूत तोलतो! हा प्रश्न स्वतःला विचारा, दोन्ही बाजू सारख्याच असं म्हटल्याने फायदा कोणाचा होतो? आपल्या लोकांना हे बघताना जात आठवणारच, आठवू दे, पण आधी 1969 ची अमेरिका नीट समजून घ्या.

तिसरं, कुठलं वाक्य कोणाच्या तोंडी दिलंय ते बघा. स्टार ट्रेकचीच पुढची मालिका द नेक्स्ट जनरेशन, तिच्या 'द मेझर ऑफ अ मॅन' (1989) मध्ये डेटा हा अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखा दिसणारा रोबो, माणूस की स्टारफ्लीटची (ज्या अंतराळ दलात तो नोकरी करतो त्याची) मालमत्ता यावर सुनावणी चालते. डेटाची बाजू मांडणारा कप्तान पिकार्ड हरायला आलेला असतो, तो यानावरचा बार चालवणाऱ्या गायननकडे जातो, आणि ती शांतपणे वापरून फेकता येणाऱ्या जिवांबद्दल बोलते. गुलामगिरी हा शब्द ती उच्चारत नाही, तो पिकार्डला स्वतःहून सापडतो. ते बोलणारी कलाकार व्हूपी गोल्डबर्ग आहे, स्वतः काळी. मी हा सीन कितीदा बघितलाय, अजूनही अंगावर येतो.

सराव करायचा असेल तर डीप स्पेस नाइन या स्टार ट्रेकच्याच आणखी एका मालिकेचा 'पास्ट टेन्स' लावा, दोन भाग आहेत, जानेवारी 1995. मालिकेतली तिघं भविष्यातून अपघाताने 2024 च्या सॅन फ्रान्सिस्कोत पोचतात, कोणाकडेच ओळखपत्र नाही. काळा सिस्को आणि सावळा बशीर थेट बेघर बेरोजगारांच्या कुंपण घातलेल्या वस्तीत, आणि गोरी डॅक्स एका श्रीमंत उद्योगपतीकडे पाहुणी. असं का झालं यावर कोणी भाषण देत नाही, फक्त दाखवलंय. शूटिंग चालू असतानाच लॉस एंजेलिसमध्ये बेघरांना कुंपणाच्या आत ठेवायच्या प्लॅनची खरी बातमी पेपरात आली होती.