त्सुमागोला जाणार असाल तर एक रात्र राहाच

टोकियो क्योतो करून झालं आणि आता एखादं जुनं गाव बघायचंय असं कुणी म्हटलं की मी त्सुमागोचं नाव घेते. नागानो प्रांतात, किसोच्या खोऱ्यात आहे. एदो काळात (१६०३ ते १८६८) टोकियोहून क्योतोला डोंगरातून जो रस्ता जायचा, नाकासेंदो, त्यावर मुक्कामाची ६९ गावं होती, त्यातलं हे ४२वं. पुढे रेल्वे आली ती गावाला बाजूला टाकून गेली, गाव मागे पडलं आणि त्यामुळेच घरं तशीच राहिली. १९६८ पासून ती नीट करायला घेतली आणि १९७१ मधे गावकऱ्यांनीच ठरवलं की घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही.

आता जायचं कसं, तर नागोयाहून शिनानो एक्सप्रेस पकडा, साधारण पन्नास मिनिटांत नाकात्सुगावा, तिथून बसने अर्ध्या तासात मागोमे. हे ४३वं गाव. इथे उतरायचं आणि त्सुमागोपर्यंत चालत जायचं, ८ किलोमीटर आहे, रमतगमत तीन तास धरा. उलटं चालू नका हं, मागोमे उंचावर आहे त्यामुळे या बाजूने चढ कमी पडतो, खिंड आठशे मीटरच्या आसपास आहे, ती ओलांडली की पुढे सगळा उतारच. वाटेत जागोजागी घंटा टांगल्यात त्या जोरात वाजवायच्या, अस्वलांना कळावं म्हणून, मजा नाहीये ती. सीझनमधे मोठी बॅग एका गावाच्या टुरिस्ट ऑफिसातून दुसऱ्या गावाच्या ऑफिसात पोचवतात, पण सकाळीच द्यावी लागते आणि तारखा आधी बघून घ्या.

खाण्याचं म्हणाल तर व्हेज लोकांची जरा पंचाईतच, कारण सोबाच्या (म्हणजे बकव्हीटच्या नूडल्सच्या) पाण्यात बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो. गोहेई मोची मात्र खाच, भाताचा गोळा काडीला लावून वर अक्रोड आणि मिसोची (आंबवलेल्या सोयाबीनची) चटणी फासून निखाऱ्यावर भाजतात (चटणीत काय काय आहे ते तरी विचारून घ्या). शरद ऋतूत गेलात तर नाकात्सुगावाचं कुरी किंतोन, चेस्टनटची मिठाई, सोडू नका. कॅश ठेवा जवळ.

गावात ओकुया नावाचं जुनं घर आहे, १८७७ चं, सगळं हिनोकी म्हणजे जपानी सायप्रसच्या लाकडाचं. एदो काळात इथे हिनोकी तोडायला बंदी, 'एक झाड, एक मुंडकं' असा हिशोब होता म्हणे, त्यामुळे बंदी उठल्यावर बांधलेल्या या घराचा थाट समजतो. आत चूल पेटलेली असते आणि थंडीत जाळीतून ऊन आलं की धुरात त्याचे पट्टे दिसतात, तिथे निवांत बसा.

आणि मुक्काम का, तर दिवसा गर्दी असते, चार-पाचला दुकानं बंद होतात, डे-ट्रिपवाले निघून जातात आणि मग रस्त्यावर फक्त जाळीच्या खिडक्यांतला उजेड उरतो. मिन्शुकु म्हणजे घरगुती लॉज आधीच बुक करा, थोडेच आहेत, आणि जेवणाची वेळ सहाची म्हणजे सहाचीच.

परतताना नागिसो स्टेशन बसने दहा मिनिटं, चालत तासभर. पण तिथे शिनानो मोजक्याच थांबतात, म्हणून टाइमटेबल आदल्या रात्रीच बघून ठेवा.