बॉल व्हॉल्व्ह घेताना नुसता ‘क्लास’ पाहू नका

जास्त दाबाच्या लाइनसाठी बॉल व्हॉल्व्ह (भोक असलेला गोळा फिरवून प्रवाह उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह) घेताना बरेच जण ‘क्लास ३००’ एवढंच बघतात. पण हा आकडा म्हणजे दाब नव्हे, बॉडीचा दाब-तापमान गट आहे. डब्ल्यूसीबी या ग्रेडच्या कास्ट स्टीलची क्लास ३०० बॉडी ३८ अंश सेल्सिअसला सुमारे ५१ बार सोसते; २०० अंशांना तीच ४४ बारच्या आसपास येते. आत टेफ्लॉनच्या सीट (बॉलला टेकून गळती रोखणाऱ्या रिंगा) असतील तर त्या बॉडीच्या कितीतरी आधी हार मानतात. म्हणून सीटचा दाब-तापमान आलेख विक्रेत्याकडून मागून घ्याच. माझ्या मते कोटेशनपेक्षा तो कागद महत्त्वाचा.

आकार मोठा आणि दाबही जास्त असेल तर फ्लोटिंगऐवजी (सुटा बॉल) ट्रनियन (वर-खाली खुंटांवर धरलेला बॉल) घ्या. फ्लोटिंगमध्ये दाबाने बॉल पुढच्या सीटवर रेटला जातो, हँडल जड होतं, सीट लवकर झिजते.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून घ्या नाहीतर थेट कारखान्यातून, बॉडीवरचा हीट नंबर (ज्या वितळीतून बॉडी ओतली तिचा क्रमांक) ३.१ टेस्ट सर्टिफिकेटशी (कारखान्याने दिलेला त्याच मालाच्या चाचणीचा दाखला) स्वतः जुळवा. बॉडीची पाण्याची चाचणी रेटिंगच्या दीडपट, सीटची १.१ पट दाबाला झालेली हवी. नंबर जुळला नाही तर माल परत पाठवा, काम कितीही अडलेलं असो.